हातचा एक

ओमाहा, नेब्रास्का. नोव्हेंबर.
बर्फ नाही अजून, नुसता वारा,
मक्याच्या कापलेल्या धांड्यांवरून आलेला.

न्याबोयच्या वेण्या आईनं रात्रीच सोडून ठेवल्या.
बत्तीस वेण्या.
प्रयोगशाळेच्या पत्रात होतं : केस मोकळे असावेत,
टोपीतला उजेड कातडीपर्यंत पोचायला हवा.
लिहिणाऱ्यानं अशा वेण्या कधी घातल्या नसाव्यात.
आई मांसाच्या कारखान्यात सुरी चालवते, रात्रपाळीला.
तिची दोन बोटं सकाळी तिच्याबरोबर उठत नाहीत.
तरी बत्तीस.

मुलगी नऊ वर्षांची. डावा तळहात अर्धा,
पुढे बोटांच्या जागी पाच वाटाणे.
हात गेला कसा, असं कुणी विचारलं
की ती विचारते, कुठं गेला?

नवा हात जांभळा, थरावर थर देऊन छापलेला.
मनगट वाकवलं की दोरे ताणतात, बोटं मिटतात.
सरळ केलं की उघडतात.
दाराच्या कडीइतकाच हुशार.

लाकडी पेटी, मधे फळी, अलीकडे ठोकळे.
एका मिनिटात जमतील तेवढे पलीकडे टाकायचे.
जांभळ्या हातानं : सहा.
"आता माझ्या हातानं करू?"
तिनं तो काढून ठेवला, उजवा पाठीमागे घेतला,
आणि त्या अर्ध्या तळव्यानं, पाच वाटाण्यांनी :
एकोणीस.
घड्याळवाला लुमीर कागद उलटापालटा करत राहिला.
एकोणीससाठी रकाना नव्हता.

पडद्यावर तिचं डोकं, वरून पाहिलेलं.
जांभळा हात हलला तेव्हा दोन्ही बाजू पेटलेल्या.
डाव्या हाताचा कारभार उजव्या मेंदूकडे,
मग हा डावा कशाला धावून आला?
आई म्हणाली, वासरू चुकलं की
सगळं गाव काठ्या घेऊन निघतं, तसं.
तिच्या मुलखात एक नदी आहे,
नाव तिचं सोबत.

आठ आठवडे.
हात एकदा शाळेच्या बसमध्ये राहिला.
अंगठ्याचा दोरा तुटला, शेजाऱ्यानं मासे धरायची तार ओवली.
पुस्तकाची पानं उलटायला नको असतो तो,
बूट बांधायला तर अडगळच.
सायकलच्या डाव्या ब्रेकला मात्र तोच लागतो.
रागावली की भावाला त्यानंच हाणते.

जानेवारी. पुन्हा टोपी, पुन्हा बत्तीस.
जांभळ्या हातानं तेरा ठोकळे.
एकोणीस नाहीच.
पण पडद्यावर डावी बाजू निवलेली,
उजवीकडे एक छोटी जागा, गोठ्यातल्या कंदिलाएवढी.
गाव घरी परतलेलं.
लुमीर म्हणाला, "असं वाटतंय,"
आणि पुढे काही बोलला नाही. चांगला माणूस आहे.

बेरजेत हातचा एक असतो.
हात फक्त त्याच्या नावात,
उत्तराच्या ओळीत त्याला जागा नाही.
तो डोक्यात धरायचा आणि पुढच्या घरात मिळवायचा.
नऊ वर्षं तो कुणी धरला होता?
कोपरानं? ओठांनी? तिथं आणखी कोण राहत होतं,
आणि आता त्यानं बिऱ्हाड कुठं हलवलं?

हात आताच घट्ट होतोय. मूल वाढतंय.
मार्चमध्ये नवं माप, बहुतेक हिरवं.

निघताना आईनं स्वतःची दोन बोटं पुढे केली.
"यांची जागा आत आहे का अजून? बघता येईल?"
लुमीरनं टोपी हातात घेतली, मग ठेवून दिली.
प्रयोग मुलांसाठी आहे, म्हणाला. वय चार ते सतरा.

गाडीत हीटर सुरू. पाळीला अजून तीन तास.
आई मागच्या सीटवर बसून वेणी घालू लागते.
पहिलीचं टोक न्याबोयनं खांद्यावरून
जांभळ्या बोटांत घेतलंय, मनगट वाकवून,
आई सांगेपर्यंत सोडायचं नाही.
"दुखतंय का?"
"कोणता?" ती विचारते.