एकशे बारा सामाईक

उद्यमनगरात, व्हॉल्व्हच्या दुकानावर दुसरा मजला.
खाली लेथ फिरते, वर आम्ही बसतो
आणि ठरवतो, कुणी कुणाच्या मागे लागावं.
मागे लागावं नव्हे, साहेब दुरुस्त करतात, फॉलो करावं.
माझ्या वाट्याला दोन लाख माणसं
आणि प्रत्येकाच्या पुढ्यात रोज पाच नावं वाढायचं काम.

गणित सोपं होतं.
तुझे ओळखीचे, त्याचे ओळखीचे,
जितके सामाईक तितकं नाव वर.
कुणीच नाही सापडलं तर द्यायचा एखादा पैलवान,
पीळदार मिश्या, सात लाख चाहते.
तो कुणालाही चालतो.

मार्चमध्ये एक तक्रार आली.
सातापा चौगले, मुक्काम वडणगे.
विरामचिन्ह एकही नाही:

तुमी मला रोज सकाळी मारुती दाखवताय
एकशे बारा वळखी सामाईक म्हनून
आवं तो माझा सख्खा भाऊ हाय
आमची हीर बी सामाईकच हाय
म्हनूनच तर बोलत न्हाई

मी हसले.
मग डबा उघडावासा वाटला नाही.

संध्याकाळी गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर थांबले.
म्हैस उभी, समोर धार, पेल्यात बोटभर फेस.
केरबा गवळी नव्या माणसाला आधी विचारतो,
"कुनाचं रं तू?"
आणि उत्तर ऐकून गप्प बसतो.
पेला भरेपर्यंत त्याचं काहीतरी ठरलेलं असतं.

माझ्या पुढे एक पोरगी होती, हुपरीची,
चांदीला उजाळा देणारी, ॲसिडनं बोटं काळवंडलेली.
केरबानं तिला सराफाचं नाव सांगितलं नाही.
पैलवानाचं तर नाहीच, आणि पैलवान
शेजारीच उभा होता, तिसरा पेला रिचवत.
म्हणाला, "बागवान गल्लीत रेहाना हाय, कापडं रंगवती.
तिचं बी हात असंच झालंतं. कसलंसं तेल लावती.
जा तिच्याकडं, माझं नाव सांग."

सामाईक ओळख एक.
बाकी फक्त हात.

मी विचारलं, "वडणग्याचे चौगले माहीत आहेत?"
"दोघं बी येत्यात. सातापा साडेपाचला,
मारुती सातला.
मधल्या दीड तासात मी म्हस बदलतो."
"आणि एकाजवळ दुसऱ्याचं नाव?"
"घेत न्हाई."
पेला विसळून त्यानं फळीवर उपडा घातला.
"पन पेला दोघास्नी ह्योच देतो."

ऑफिसात परत आले, तक्ता उघडला.
वय होतं, गाव होतं, किती वेळ कुठल्या फोटोवर थांबला ते होतं.
गप्प बसण्याचा रकाना नव्हता.
फळीवरचा पेला कुठे लिहायचा, तेही कळेना.
शेवटी जमलं तेवढं लिहिलं:
ओळखी भरपूर सामाईक, आणि चार वर्षांत
एकानं दुसऱ्याकडे एकदाही पाहिलं नसेल,
तर नाव सुचवू नये.
आणि पैलवान तळाला.
आणि वर एखादा असा, ज्याच्याशी गाव जुळत नाही,
आडनाव जुळत नाही, काम करून दुखणारी जागा जुळते.

आलेख थोडा खाली गेला.
साहेबांनी विचारलं, नावं कमी का पडताहेत?
म्हटलं, म्हैस बदलतेय.
त्यांना वाटलं, सर्व्हरचं काहीतरी असेल.

सातापाची तक्रार परत आली नाही.
मारुतीची कधी आलीच नव्हती,
याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

मला मात्र यंत्र अजून सुचवतं:
दिगंबर, शाहूपुरी, पाचवी गल्ली,
सामाईक एकोणचाळीस.
त्याचं आडनाव माझ्या नावापुढून काढून
येत्या दिवाळीला तीन वर्षं होतील.
नियमात चूक नाही, दोनदा तपासला.
नियम म्हणतो, एकदाही पाहिलं नसेल तर.