इफेदचा वाढदिवस

जुलै. साडेचारलाच काळोख,
आणि पुंता आरेनासचा वारा
पत्र्याखाली बोटं घालून बघतोय
कुठे सैल आहे का.
नाहीये. ते छप्पर मीच ठोकलंय.

फिदेलिना, माझी थोरली, आज सदुसष्टची.
पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून
काही कळत नसल्याचं सोंग करतेय,
लोण्याचा वास जणू भिंतीपाशी थांबतो.

या गल्लीतले चाळीस वर्षांचे केक तिचे.
बाप्तिस्मे, लग्नं, एका कप्तानाची निवृत्ती.
साखरेचे गुलाब असे, की एकदा पाद्रीबुवांनी
एक हळूच उचलून कोटाला लावला
आणि दुपारभर तसेच हिंडले.
मग काचबिंदू आला.
आधी कडा गेल्या, मग गुलाब,
मग मी.

मी गोदीतला वेल्डर. लोखंडाला लोखंड जोडतो,
पिठाला माझा हात नव्हता.
हजार पानांचा केक म्हणतात आमच्याकडे याला.
मी मोजली, चौदा झाली.
नववं करपलं, ते मधेच दडवलं;
वाईट सांधा कुठे लपवायचा एवढं मला येतं.
आटीव दुधाचा डबा तीन तास उकळला,
प्रत्येक पानाला काट्याने टोचलं,
कारण लहानपणी तीच म्हणायची,
टोचलं नाही तर गर्वाने फुगतं रे, नेस्तोर,
आणि माझ्याकडे बघायची.

दुकानातल्या पोरीने विचारलं,
वरचं क्रीम कुठलं देऊ, गुलाबी की निळं?
मी म्हटलं, उंच.

तिच्या शनिवारच्या वर्गातल्या द्रागित्साबाईंकडून
पाटी आणि टोच्या मागून आणला होता.
तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत
हातमोजे काढून, जाड कागदावर
फिदे, फिदे, फिदे.
पोरं हसली. हसू देत.
आणि आज क्रीमवर, श्वास रोखून,
भाजलेल्या हेझलनटचे दहा ठिपके,
पाटीवर गिरवले होते अगदी तसेच.

तिने बोट टेकवलं.
रेडिओ बंद केला.
पुन्हा टेकवलं, डावीकडून.
इ… फे… द.
"नेस्तोर, ही इफेद कोण?"

मी कागद आणून दिला.
तिने तो उलटा केला, चाचपला,
आणि अशी हसली की टेबलाचा पाय हलला
(तो सुद्धा मीच जोडलाय, नीट नाही).
"अरे, टोचतात मागून, उजवीकडून डावीकडे.
कागद पलटला की नाव सुलटं होतं.
तू लिहिलंयस ते केकला पोटातून वाचायला!"

मी सुरीने पहिला ठिपका उचलायला गेलो.
तिने अंदाजाने चापट मारली,
नेमकी मनगटावर बसली.
"राहू दे.
फिदेचे सदुसष्ट झाले.
हिचा पहिलाच आहे."

मेणबत्ती एकच लावली होती.
तिने ऊब गालाने शोधली आणि फुंकली.
पानं कुरकुरत मोडली.
"एक जरा लागलंय," ती म्हणाली.
"नववं," मी म्हणालो.
"आठवं," ती म्हणाली, आणि मोजायला
आता काहीच उरलं नव्हतं.

झोपताना तिने एक तुकडा ताटलीत ठेवला,
वर बशी पालथी घातली.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

सकाळी सहाला, बूट घालून,
उभ्या उभ्या मीच तो खाल्ला.
बशीचा आवाज होऊ दिला नव्हता.
तरी आतून हाक आली:
"आवडला का रे तिला?"