दोन बटणं

चौतीस वर्षं गावाचे खांब चढले,
आणि आमच्या आंगणात बल्ब नव्हता.
मी कुणाजवळ बोलले नाही.
बोलायचं काय, रोज सातनंतर गावाला दिसतच होतं.

रिटायर झाल्याच्या आठव्या दिवशी
यांनी बंडीतून उतरवलं
केबल गुंडाळायचं लाकडी चाक,
कंपनीच्या लिलावातलं, दोनशे रुपयांचं.
"हा टेबल," म्हणाले.
"टेबल व्हय का रथ?"
आडवं टाकलं, रंधा मारला, फटींत लांबी भरली,
तरी वरची अक्षरं गेली नाहीत:
बाणाच्या दिशेने लोळवावे.
बाण नेमका माझ्या चुलीकडे.
पाहुणे तो वाचतात आणि चहा मागतात.

बाज माहेरची, सागाच्या खुरांची.
सुंभ उंदरांनी नेलं होतं,
म्हणून लाखनीच्या बाजारातून नायलॉनची नवार,
हिरवी आणि पिवळी,
दोन दिवस दोघं समोरासमोर बसून विणली.
ते ओढायचे, मी धरायची.
एवढा वेळ समोरासमोर
आम्ही लग्नातच बसलो असू.

मग उजेड.
पहिल्यांदा लावला वीस वॉटचा पांढरा.
आंगण एकदम तहसील कचेरी झालं.
सारवणाच्या भेगा, रांजणाचा टवका,
माझ्या भांगातली चांदी, सगळं हजर.
पंधरा मिनिटांत पाखरं वरणात.
कुंपणापलीकडून पंचफुला धावत आली,
पदर तोंडाला लावून,
"कोन गेलं वो?"
एवढा उजेड आंगणात
आमच्याकडे दुसऱ्या कशाला करतात?

तो उतरवला.
नऊ वॉटचा पिवळा आणला,
आणि कवडूनं विणलेलं कोंबड्यांचं डालगं
उलटं करून मांडवाच्या बल्लीला टांगलं, आत बल्ब.
बटण दाबलं तर जमिनीवर
आख्ख्या आंगणभर जाळी पडली,
बाजेवर जाळी, माठावर जाळी,
यांच्या उघड्या पाठीवरसुद्धा.
तलंगी आली, मान वाकडी करून
वर टांगलेल्या आपल्या घराकडे
बराच वेळ बघत राहिली.

भांडण झालं ते बटणावरून.
हे म्हणाले, दाराच्या आत, पाण्यापासून दूर.
मी म्हटलं, बाजेजवळ.
झोपलेल्या माणसानं उठायचं कायले?
वायरिंगमधलं मले कळत नाही म्हणाले.
रात्री मात्र उठून वही घेतली,
रेघा मारल्या, खोडल्या,
आणि सकाळी दोन्हीकडे बटणं बसवली.
जिन्याला करतात तशी जोडणी.
आमच्याकडे जिना नाही.

त्या बटणांना चालू-बंद अशी बाजूच नसते.
वर असलं तरी अंधार, खाली असलं तरी अंधार,
समोरच्यानं काय केलंय त्यावर सगळं.
मी भात निवडून झाला की आतून विझवायची,
हे बाजेवरून लावायचे.
मी विझवायची.
चार दिवस असं,
पंचफुलाला वाटलं लाईन खराब आहे,
तिनं यांच्याकडेच तक्रार केली.

नंतर कधीतरी खुणा ठरल्या. ठरवल्या नाहीत.
दोनदा मिचकलं की पाणी.
एकदाच, आणि जरा थांबून,
म्हणजे काही नाही, नुसतंच.

परवा जेवणाच्या वेळी वीज गेली.
सवयीनं माझा हात बटणावर गेला.
टक.
काय उजेड पडणार होता?
बाहेर रातकिडे, रस्त्यावर कुणाची तरी सायकल.
आणि मग बाजेकडून, सावकाश,
टक.

हात पदराला पुसत निघाले.
बाजेवर एका माणसाची जागा
त्यांनी आधीच सोडून ठेवली असणार,
एवढं मला अंधारातही माहीत होतं.
टेबलाचं तेवढं विसरले.
अंगठा अजून ठणकतो.