पावती

ग्रिम्सबीच्या गोदीपासून तिसरी गल्ली, घर नंबर सतरा.
विटा काळवंडलेल्या, दार मात्र नवंकोरं पिवळं.
घंटी दाबण्याआधी फाइल पुन्हा चाळली :
कर्जदार कॉलिन ब्रॉकल्सबी, थकलेले हप्ते नऊ.
गहाणखताचं एकोणिसावं कलम सांगतं,
बँकेच्या लेखी संमतीवाचून घर भाड्याने देऊ नये.
त्याने दिलं.
विसरला, की व्याज वाढेल म्हणून गप्प बसला,
हे विचारायला माणूस सापडायला हवा.
तो म्हणे टेनेरिफला असतो, फोन उचलत नाही.

दार इल्झे क्रूमिन्याने उघडलं.
मासे धुरवण्याच्या कारखान्यातून नुकतीच आलेली,
रात्रपाळीचे डोळे, केसांत हॅडकचा धूर.
"तुम्ही बँकेचे?"

नाही म्हणालो. कायद्याने ते खरंही होतं.
नेमलं मला बँकेने, फी ठरवली बँकेने,
पण मी हस्तक ब्रॉकल्सबीचा,
ज्याला मी कधी पाहिलेलं नाही,
ज्याची फक्त सही ओळखतो,
शेवटचं अक्षर शेपटीसारखं लांब ओढलेलं.
खांदा त्याचा, बंदूक बँकेची,
चापावर बोट माझं.

तिने करारनामा आणला, प्लास्टिकच्या पिशवीतून,
घडीवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावलेला.
"हा खोटा आहे का?"
खोटा नाही, बाई.
तुमच्या आणि त्याच्यामध्ये तो अगदी खरा आहे.
बँकेपुढे धरला तर कोरा.
एवढं सांगायला मला तीन वाक्यं लागली,
आणि तिसऱ्याला माझा आवाज उगाच मोठा झाला.

मग तिने पाकीट पुढे केलं.
चारशे पंचाहत्तर पौंड, या महिन्याचे.
हात तिथेच अडला माझा.
बँकेसाठी घेतले, तर उद्या कुणी म्हणेल,
बँकेनेच हिला भाडेकरू मानलं,
नवं नातं रुजलं या पैशातून.
ब्रॉकल्सबीच्या नावे घेतले, तर बँक अजूनही
हिला ओळखत नाही,
आणि घर रिकामं करा, हे पत्र
याच पेनाने लिहायला मी मोकळा.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
इथे वासे जागच्या जागी होते,
शिडीवर चढून तिने स्वतः रंगवलेले.

पावती म्हणजे पावल्याची खूण.
टपाल पावतं, देव पावतो,
नवसाला उशिरा का होईना पावतो.
सव्वीस वर्षं मी पावत्या फाडतोय,
कुणाला पावलो ते आठवत नाही.

लिहिलं : मिळाले, रुपये नव्हे पौंड, अक्षरी इतके,
'कॉलिन ब्रॉकल्सबीकरिता',
सगळी अक्षरं सुटी सुटी, जपून.

तिने पावती दोनदा वाचली.
"म्हणजे आता घरमालकाच्या जागी तुम्ही?"
"तसंच काहीसं."
"मग वर चला. न्हाणीघराचं छत गळतंय,
ऑक्टोबरपासून सांगतेय त्याला."

बादली अर्धी भरली होती.
मी प्लंबरला फोन लावला.
पलीकडून विचारणा झाली, बिल कुणाच्या नावे?
इल्झे माझ्याकडे बघत होती,
थेंब पडत होता, मोजून, घड्याळासारखा नाही,
मध्येच थांबून.

उत्तर न देताच निघालो बहुतेक.
गाडीत बसल्यावर दिसलं,
स्टिअरिंगवर पिवळी बोटं उमटली होती.
दार अजून वाळलेलं नव्हतं.