आडवी दांडी

क्लबचं नाव पोर्फिया. म्हणजे हट्ट.
आता तो बंदरातल्या चौथ्या विभागात खेळतो,
बहुतेक हरतो.
पण कपाटातली ती वही काढा, पोरांनो,
तिला वाळवीसुद्धा लागलेली नाही.
जिथे ती लिहिली गेली
तिथे वाळवीने प्यायचं काय?

पाणी आठवड्यातून दोनदा वाघिणीतून यायचं.
गवत आम्ही पाहिलं होतं
साहेबाच्या बिस्किटांच्या डब्यावर.
वाळवंटात सोऱ्याची खाण, खाणीमागे मैदान,
चुन्याच्या रेघा, आणि पडलं की
गुडघ्यात महिनाभर झोंबणारं मीठ.

शर्ट माझ्या आईने शिवले, एदुविहेसने,
पिठाच्या पोत्यांचे. कितीही उकळले तरी
गिरणीची अक्षरं गेली नाहीत:
एकाच्या पाठीवर ‘पन्नास’,
दुसऱ्याच्या पाठीवर ‘किलो’.
दोघांचं भांडण झालं तरी
फोटोत शेजारी उभं राहावं लागे.

पगार बिल्ल्यांत, बिल्ले खाणीच्याच दुकानात चालत.
चेंडूला मात्र खरे पैसे लागतात.
सोफानोरने लग्नातली अंगठी विकली.
बायको सहा महिने बोलली नाही.
पहिला गोल झाला तेव्हा बोलली:
‘तो माझा आहे.’

पहिला सामना, कचेरीतल्या कारकुनांशी. शून्य-सात.
वहीत शेरा: वारा विरुद्ध होता.
दुसरा, शून्य-पाच. वारा विरुद्ध होता.
मध्यंतरानंतर बाजू बदलतात,
मग वारा कसा बदलला नाही,
हे चिटणीस बाल्तासारला कुणी विचारलं नाही.

मग संपाचं वर्ष.
गोलरक्षक रोमुआल्दो मोर्च्याबरोबर
खाली बंदराकडे चालत गेला,
हातमोजे आईकडे ठेवून. धुवून ठेवा म्हणाला.
त्या रविवारी वहीत: रोमुआल्दो, गैरहजर.
पुढच्या रविवारी: गैरहजर.
वही साहेब मागवून वाचायचा,
म्हणून अकरा रविवार तेवढंच.
बाराव्या पानावर शब्द नाही.
टाकाचं टोक कागदातून आरपार गेलंय,
मागच्या तीन पानांना भोक आहे.
मी बोट घालून पाहिलंय.

खाण बंद झाली तेव्हा मी नऊ वर्षांची.
माणसांनी घरं मोडून गाडीत भरली,
पत्रे, दारं, खिळेसुद्धा सरळ करून.
बाबांनी गोलची आडवी दांडी उतरवली.
खांब निघाले नाहीत; फार खोल रोवले होते.
ते अजून तिथे आहेत, आणि चुन्याच्या रेघा,
पुसायला पाऊस यायला हवा ना.

दांडी आमच्या स्वयंपाकघराचं आढं झाली.
तिच्यावर चेंडूचे ठसे आहेत, धुराखाली,
हुकलेल्या गोलांचे.
उंच पाहुणा आला की डोकं आपटतं
आणि सगळं घर ओरडतं: ‘दांडीला लागला!’

नातू निबाल्दो गोलरक्षक आहे.
सामन्याला निघताना उडी मारून तिला हात लावतो.
हातमोजे नवे घेतलेत. जुने मी कुणाला देत नाही;
ते धुतलेले आहेत.

परवा चार-एक हरून आला.
मी वही उघडली, पेन घेतलं,
विचारलं, वारा?
बूट सोडता सोडता म्हणाला,
‘आजी, वारा नव्हताच.’