वीस मिनिटं

गंगाखेडच्या दवाखान्यात रात्रपाळीला
टेबलाच्या खणात, इंजेक्शनच्या वहीखाली
माझा राजपुत्र असतो.
पाताळातल्या सातव्या नगरीचा, नाव नीलकेतू,
कमरेखाली नाग,
कमरेवर परभणी जिल्ह्यात न मिळणारा पुरुष.
कुंभाराच्या मुलीवर त्याचा जीव जडलाय
आणि मी पान दोनशे चारवर आहे.

हसू नका. मला माहीत आहे ते काय आहे.
त्रेचाळिशी, दोन बदल्या, एक घटस्फोट,
आणि जुन्या पुराणांना नवी लुगडी नेसवलेली ही जाड पुस्तकं
मी पगार झाला की मागवते.
कुरिअरवाल्याला सांगते, अभ्यासाची आहेत.
पोथीत ज्या बायका दोन ओळींत शाप घेऊन शिळा होतात
त्यांना इथं चारशे पानं बोलू देतात,
कारण एवढंच.
निळे डोळे वगैरे,
बरं, तेही आहे.

पावणेदोनला जीप आली.
मुंजाजी, वय सव्वीस,
हरभऱ्याला पाणी धरायला गेलेला,
लाईट रात्रीचीच म्हणून.
पायावर दोन ठिपके, घोटा वांग्यासारखा.
बरोबर बायको, सोजर.
"घोणस व्हती. कुकरवानी फुसफुसली."

कोरड्या काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, दोन मिली.
वीस मिनिटं हलवायचं नाही.
गोठलं तर बरं.
नाही गोठलं तर विष.

खय्यूममामा सलाईनचा स्टँड शोधत होते.
सोजर नळीकडं बघत बसली,
मग माझ्या उघड्या खणाकडं.
"काय वाचायलात ओ सिस्टर?"
मुखपृष्ठावर फणा, लपवणार कसा.
सांगितलं. नाग आहे, राजपुत्र आहे,
एका मुलीसाठी नदीतून वर येतो.
"चावला का मंग तिला?"
नाही. प्रेम आहे त्याचं.
"आसंल," ती म्हणाली,
जणू शेजारच्या गावचं स्थळ सांगितलं होतं.

मी नळी कलती केली.
रक्त काठाशी आलं, पातळ,
जत्रेतल्या सरबतासारखं.

दहा कुप्या. पावडर विरघळवताना
जोरात हलवायची नाही, नुसती फिरवायची.
"यात काय ऱ्हातंय?"
घोड्याच्या रक्तातलं पाणी, मी म्हणाले.
घोड्याला थोडं थोडं विष देतात,
तो मरत नाही, शिकतो.
त्याचं शिकणं हे, वाळवून भरलेलं.
सोजर त्या रात्री पहिल्यांदा हसली.
"काई पन सांगता."

नाग पटला होता तिला.
घोडा नाही.

चारच्या सुमारास, मुंजाजीला जरा झोप लागल्यावर
तिनंच विषय काढला,
त्या तुमच्या नागाचं काय झालं म्हणून.
माणूस व्हायचंय त्याला.
त्यासाठी विष सोडावं लागेल.
विचार करतोय.
ती नवऱ्याच्या पायावरच्या पेनाच्या खुणा बघत होती,
सूज कुठवर चढली याच्या, दर तासाला एक.
"सोडू नको म्हणावं.
रानात ऱ्हायचं तर लागतंय."

आठला पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं.
कलती केली. उलटी केली.
रक्त जागचं हललं नाही.
सोजरनं बॅटरी बंद केली
तेव्हा मला दिसलं
की ती रात्रभर तिच्या मुठीत चालूच होती.

घरी जाताना रिक्षात पुस्तक काढलं.
खूण म्हणून कुपीच्या खोक्याची पट्टी.
पान दोनशे बारावर
त्यानं विष नदीत सोडून दिलं.
एकही मासा मेला नाही,
उलट कमळं उगवली, असं लिहिलंय.
मी पुलावरून खाली पाहिलं.
गोदावरीत पाणी कमी, वाळूत एक ट्रॅक्टर.

संध्याकाळी परत ड्यूटी आहे.
ती विचारणार.
अजून विचारच करतोय,
असं सांगावं म्हणते.