शिडी

शिडी माझी आहे.
ॲल्युमिनियमची, तिसऱ्या पायरीला पोचा आलेली.
ऑगस्टमध्ये थॉर्किल कुंपणावरून घेऊन गेला.
आठवड्यात परत देतो, इंगर, म्हणाला,
घराच्या वरचा त्रिकोण रंगवायचाय,
समुद्राच्या वाऱ्याने पार खाल्लाय.

लेफ्टनंट होता तेव्हा, सव्वीस वर्षांचा,
तरी रंगाचा डबा उघडायला
माझाच स्क्रूड्रायव्हर मागायला आला.

डावीकडून सुरुवात. वाऱ्याकडे पाठ.
तीन दिवसांत निम्मं पांढरं झालं,
चौथ्या दिवशी फोन आला, तारीख अलीकडे ओढलीये.
ब्रश त्याने वर्तमानपत्रात गुंडाळला.
उरलेलं फेब्रुवारीत, म्हणाला,
जणू युटलंडात फेब्रुवारीत कुणी भिंती रंगवतं!
मी हसले.
आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

हेल्मंद मी नातवाच्या ॲटलासात शोधलं.
आमच्या बंदरापासून एक वीत, वर दोन बोटं.
तिथे समुद्र नाही.
हेच का खुपत राहिलं, कोण जाणे.
चालायला लागल्यापासून भरती-ओहोटीच्या वेळा
तोंडपाठ असलेला पोरगा,
गेला तो एका कालव्याच्या काठावर.
पाणी घोट्याएवढं होतं,
असं त्याच्या तुकडीतल्या मुलाने सांगितलं
कॉफीच्या कपाला हात न लावता.

आमच्या वाळूत जर्मनांचे बंकर कलंडलेत.
त्यांत लपून तो मला घाबरवायचा.
आम्ही पोरांना कधी हटकलं नाही.
जुनं सिमेंट ते, त्यात काय हटकायचं.

वाढदिवसाला आम्ही अंगणात झेंडा चढवतो.
लग्नाला चढवतो, पोरगी परीक्षा पास झाली तरी चढवतो,
आणि कुणी गेलं की निम्म्यावर आणतो.
मे महिन्यात, थॉर्किलच्या वाढदिवशी,
होल्गर दोरी धरून उभा.
टोकापर्यंत नेला. थोडा खाली घेतला.
पुन्हा वर.
मग उतरवूनच ठेवला, नीट घडी घालून,
आणि कुंपणापाशी आला.
शिडी धरशील का जरा?

सत्तरीचा माणूस. मी खालून धरली.
त्याच्या हातात डबा नव्हता, ब्रश नव्हता.
पांढरं जिथे संपतं तिथवर चढला
आणि थांबला.
माझे दंड भरून आले. वर बघायचं मी टाळलं,
त्याच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते,
डाव्याला भोक पडलेलं.

खाली उतरला, हात पँटला पुसले, म्हणाला,
ब्रशचा एक केस राहिलाय रंगात, चिकटून.
वर वळलाय.
मी म्हटलं, हो का.
दुसरं काही सुचलंच नाही.

शिडी अजून त्याच भिंतीला आहे.
माझ्या पन्हळीत दोन हिवाळ्यांची पानं कुजताहेत,
पाऊस थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवरून उतरतो.
होल्गर अधूनमधून विचारतो,
तुला लागतेय का गं ती?

नाही रे.
माझं काही अडलेलं नाही.